अनूचा पंप आणि आत्याची पळी

परवा हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या औषधाच्या दुकानात इन्सुलिन घ्यायला गेले होते. शेजारी एक बाई उभ्या होत्या. खांद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी झोपलेली, हातात नवं कोरं प्रिस्क्रिप्शन. माझ्या हातातली थंड पेटी त्यांनी पाहिली आणि कानडीत विचारलं, तुमच्या घरात कोणाला?

"धाकट्या बहिणीला."

"केवढी आहे?"

"दहा वर्षांची."

त्यांनी खांद्यावरच्या मुलीला सावरलं. मी दुकानदाराशी मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं असावं, कारण पुढचा प्रश्न त्यांनी मराठीत विचारला, आणि तो साखरेबद्दल नव्हता. "तुम्ही गावाला वगैरे जाता का हो? तिला घेऊन?"

"जातो," मी म्हटलं. त्यांना आणखी ऐकायचं होतं हे दिसत होतं. पण अनोळखी माणसांशी मला एका वाक्यापलीकडे बोलता येत नाही, आणि तेवढ्यात त्यांची मुलगी उठून रडायला लागली. उरलेलं उत्तर इथे लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं आणि या आजाराबद्दल मी जे वाचलं तेही इंग्रजीतच. पण आमच्या घरात भीती वाटली ती मराठीत, म्हणून हे मराठीत.

पिन

अनू तेव्हा सात वर्षांची होती. वार्षिक परीक्षा चालू होती. ती सारखी पाणी पीत होती, आणि पेपरच्या मध्येच दोनदा बाहेर जाते म्हणून शाळेतून तक्रार आली होती. युनिफॉर्मचा स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला तेव्हा आईनं त्याला पिन लावून दिली आणि म्हणाली, "उंच होतेय, म्हणून बारीक झालीय." ती पिन आईनं आजही टाकून दिलेली नाही. कपाटाच्या दाराला आतून लावलेली आहे.

एका सकाळी अनूला उठवता येईना. श्वास धावून आल्यासारखा जोरात चालला होता आणि त्याला पिकून उतरलेल्या फळासारखा वास होता. नवनगरच्या आमच्या घरून हुबळीच्या दवाखान्यात जाईपर्यंत अप्पा एकही शब्द बोलले नाहीत. अप्पा धारवाडला वकिली करतात, बोलणं हाच त्यांचा धंदा आहे.

अतिदक्षता विभागातून बाहेर आणल्यावर डॉक्टर अनूच्या पलंगावरच येऊन बसल्या. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं थांबलंय, ते बाहेरून द्यावं लागेल, यात कोणी काही खायला घातल्याचा दोष नाही, असं त्यांनी सावकाश सांगितलं. अप्पांनी विचारलं, "किती दिवस?" शिक्षा किती वर्षांची, हे विचारावं तसं. डॉक्टर म्हणाल्या, "कायम." आई खाली मान घालून लिहीत होती. त्या शब्दावर तिचं पेन थांबलं नाही, पण कागदावर काही उमटलंही नाही.

मग डॉक्टरांनी अनूला विचारलं, तुला काही विचारायचंय का?

"मला समुद्रात जाता येईल का?"

आम्ही दर मे महिन्यात समुद्रावर जायचो. अप्पांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, कलघटगीला असते. तिच्या आणि आमच्या घरची सगळी माणसं एक टेम्पो ट्रॅव्हलर करून, घाट उतरून, कुळदेवाच्या गावी चार दिवस राहायचो. देवळाच्या मागे धर्मशाळा आणि धर्मशाळेच्या मागे समुद्र.

"जाता येईल की," डॉक्टर म्हणाल्या. "का नाही? जायलाच पाहिजे."

अनू समाधानानं उशीला टेकली. आईनं मान वर केली नाही. डॉक्टरांनी वचन दिलं होतं, पण आईनं दिलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं.

त्या वॉर्डातल्या एका सिस्टर मला आठवतात. अनू बोट टोचू द्यायला तयार नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं. "आधी तू माझी साखर बघ." अनूनं जीभ बाहेर काढून, फार काळजीपूर्वक त्यांचं बोट टोचलं. आकडा वाचून म्हणाली, "तुमची छान आहे." त्यानंतर तिनं कधी बोट मागे घेतलं नाही.

तीन मे महिने

पहिल्या दोन मे महिन्यांत आम्ही कुठेच गेलो नाही. इंजेक्शनं होती, आणि त्याहून जास्त आईची भीती होती. आई शाळेत गणित शिकवते. तिनं आजार गणितासारखाच शिकून घेतला. कोणत्या भाकरीला किती, भाताच्या कोणत्या वाटीला किती. घरात सगळं जमायचं. उंबऱ्याबाहेर तिचा कशावरच विश्वास नव्हता.

एकदा अप्पांचा तोल गेला. "मग काय करायचं तिचं? इन्सुलिनसारखं फ्रीजमध्ये ठेवून द्यायचं?"

आई पोळ्या लाटत होती. पोळी पूर्ण लाटून झाल्यावर म्हणाली, "इन्सुलिन बिघडलं तर दुसरं आणता येतं."

अप्पा बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत उभे राहिले. अशा वेळी माझ्या आईवडिलांमध्ये भांडण होत नाही, झाडांना पाणी होतं. त्या दोन वर्षांत आमची जास्वंद फार माजली.

मग पंप आला. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, कमरेला अडकवायची. तिच्यातून एक बारीक नळी पोटावरच्या चिकटपट्टीपर्यंत जाते आणि दिवसभर थोडं थोडं इन्सुलिन देत राहते. दंडावर वेगळा सेन्सर. तो साखरेचा आकडा डबीकडे पाठवत राहतो, आणि आकडा फार उतरला की डबी वाजते. जेवायच्या आधी मात्र आपण आकडा घालून डोस दाबायचा. दर दोन-तीन दिवसांनी पोटावरचा सेट बदलायचा, त्यात सुई असते. घरात दोन माणसांना हे आलंच पाहिजे असं डॉक्टर म्हणाल्या. अप्पांना रक्त बघवत नाही. दुसरं माणूस मीच.

पहिल्या वेळी मी सूचनांचा कागद तीनदा वाचला. अनू शर्ट वर करून, डोळे गच्च मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "ताई, तू डोळे मिटायचे नाहीत हं. माझे मिटलेत तेवढे पुरे."

तिसऱ्या मेच्या आधी तिनं आईला सरळ विचारलं. "आता तर पंप आहे. समुद्र?"

आईनं एक अट घातली. त्या अटीला कारण होतं. धारवाडला एका मुंजीत अनूची साखर उतरली होती, म्हणजे चक्कर येईल इतकी कमी झाली होती, आणि तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळे जेवत होते, मोठी माणसं बोलत होती, मध्ये कसं बोलायचं? खुर्च्यांच्या मागे ती पांढरीफटक होऊन बसलेली आम्हाला सापडली. ही भीड आमच्या घरात सगळ्यांना आहे. रिक्षावाल्यानं पुढे नेऊन सोडलं तर आम्ही मागे चालत येतो.

"साखर उतरतेय असं वाटलं की त्याच क्षणी, मोठ्यानं, तोंडानं सांगायचं," आई म्हणाली. "समोर कोण बसलंय ते बघायचं नाही. तिथं गेल्यावर हे जमलं, तर समुद्र. नाही जमलं, तर वाळूत बसून बघायचा."

"कबूल," अनू म्हणाली.

कलघटगीचा थांबा

सामान प्रत्येक गोष्टीचं दुप्पट घेतलं. अर्धं आईच्या बॅगेत, अर्धं माझ्या, म्हणजे एक बॅग हरवली तरी काम अडायला नको. पंपानं दगा दिला तर जुनी इंजेक्शनची पेनं. इन्सुलिनसाठी पाण्यात भिजवली की गार राहणारी पिशवी. आणि आईचा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा.

कलघटगीला आत्या चढली आणि गाडीतली हवाच बदलली. आत्याचा आवाज मोठा, कुंकू मोठं, डबे त्याहून मोठे. तिच्यामागे तिचे यजमान. त्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांच्या हातात फक्त पूजेची पिशवी.

"हिला चालतं का गं नीला?" आत्यानं बसता बसता आईला विचारलं आणि लाडवाचा डबा उघडला.

हा प्रश्न आम्हाला सगळीकडे विचारतात. लग्नात, देवळात, लिफ्टमध्ये. आणि अनू समोर उभी असताना तिच्या डोक्यावरून विचारतात. आई उत्तर देणार तोच अनू म्हणाली, "चालतं आत्या. मोजून चालतं."

"मोजून म्हणजे?"

आईनं काटा काढला. आत्याच्या डब्यातली कडक भाकरी त्याच्यावर ठेवली. आत्या बघतच राहिली.

"अय्यो, माझी भाकरी सोन्यासारखी तोलतेस की गं!"

"तसं नाही वन्सं, हिच्या डोससाठी..."

"तोल, तोल. सगळ्या सारख्याच निघतील बघ. चाळीस वर्षं थापतेय."

दुसरी भाकरी बरीच हलकी निघाली. तिसरी पहिलीहून जड. गाडीत कोणी हसलं नाही. आत्यानं काट्याकडे संशयानं पाहिलं आणि म्हणाली, "काटा खोटा आहे."

"मीच वाटून घेते," अनू म्हणाली, आणि तिनं जड भाकरीचा तुकडा मोडून काट्यावर बरोब्बर आकडा आणला. आकडा घातला, डोस दाबला. आत्या खिडकीबाहेर बघत असल्याचं दाखवत होती, पण तिचं लक्ष अनूच्या बोटांकडे होतं. घाट सुरू झाला तरी तिनं आणखी काही विचारलं नाही. आत्या गप्प बसली की मला जास्त भीती वाटते.

पायस

दुसऱ्या दिवशी देवाचा नैवेद्य होता. आत्या पहाटेपासून सोवळ्यात होती. धर्मशाळेच्या मोठ्या खोलीत पानं मांडायची आणि आतल्या देवघरात आरती, अशी पद्धत. कातड्याची कुठलीही वस्तू या दोन्ही खोल्यांत आणायची नाही. अनूची ग्लुकोजच्या गोळ्यांची पिशवी नेमकी कातड्याची होती. ती बाहेर खुंटीला अडकवलेली राहिली.

मुलांना आधी बसवलं. पानं वाढायला लागल्यावर आईनं अनूला खूण केली आणि अनूनं डोस दाबला. हे रोजचंच होतं. दाबायचं, आणि पंधरा मिनिटांत जेवायला लागायचं, नाहीतर इन्सुलिन साखर खाली ओढत जातं. मग घरची सून म्हणून आईला निरांजन धरायला आत बोलावलं. मी वाढत होते.

आमच्यापैकी कोणी मामांची पूजा हिशेबात धरली नव्हती. मामांची पूजा म्हणजे पॅसेंजर गाडी. प्रत्येक स्टेशनवर थांबणार. एक आरती झाली, दुसरी झाली. सगळे जमलेत तर अमुक एक होऊन जाऊ दे, असं त्यांचं आतून ऐकू आलं आणि पुन्हा घंटा सुरू झाली. अप्पा घंटा वाजवत होते. समोर भरलेली पानं, कोपऱ्यात पायस, आणि नैवेद्य झाल्याशिवाय शितालाही हात लावायचा नाही. मुलं चुळबुळत होती, पण बसून होती. आमच्याकडची मुलं बसतात.

पंप नक्की वाजला असणार. घंटेत कोणाला ऐकू येणार?

मला आधी तिचा हात दिसला. मांडीवरच्या फ्रॉकच्या कापडाचा गोळा तिनं मुठीत धरला होता. मग वरच्या ओठावरचा घाम. माझ्या हातात साराचं गरम पातेलं होतं आणि ते टेकवायला मी जागा शोधत होते.

"आत्या!"

अनू ओरडली. ती कधीच ओरडत नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आत्या वळली.

"आत्या, माझी साखर उतरतेय. मला आत्ता खायला पाहिजे!"

घंटा थांबली. आरती अर्ध्या ओळीत थांबली. त्या शांततेत सगळी माणसं अनूकडे बघायला लागली. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता ती म्हणेल, नाही, राहू दे. मी असते तर म्हटलं असतं.

"माझी पिशवी बाहेर आहे," ती म्हणाली. आवाज आता बारीक झाला होता, पण शब्द सगळे होते. "मी पायस खाऊ का? देवाच्या आधी?"

"विचारतेस काय, खा!" आत्या म्हणाली.

अनूला चमचा नीट धरता येईना. आत्या चार ढांगांत आली, तिच्याजवळ बसली, आणि तिला पायस भरवायला लागली. एका हातानं भरवत, दुसऱ्या हातानं तिचं कपाळ आपल्या सोवळ्याच्या पदरानं पुसत.

"आत्या, सोवळं मोडलं," कोणीतरी मुलांतून म्हणालं.

"गप गं. परत आंघोळ करीन. देव कुठं पळून जात नाही."

आई दारात उभी होती. हातात निरांजन तसंच, ज्योत हलत होती. मी एव्हाना पातेलं कुठेतरी टेकवून पिशवी आणली होती. पण तिची गरज पडली नाही. आत्यानं अनूचं, शेजारचं आणि त्याच्या शेजारचं, अशा तीन पानांवरचं पायस गोळा केलं होतं. हळूहळू अनूच्या ओठांचा रंग परत आला. पंपावरचा आकडा चढायला लागला. तेव्हा ती म्हणाली, "आता बास आत्या, नाहीतर वर जाईल."

"साकु?" पुरे ना, असं आत्यानं कानडीत विचारलं.

"साकु."

त्या दिवशी आत्यानं खरंच पुन्हा आंघोळ केली, पुन्हा भात टाकला आणि नैवेद्य पुन्हा केला. आम्ही सगळे दुपार उलटून गेल्यावर जेवलो. भुकेबद्दल कोणी एक अक्षर काढलं नाही.

अंगणात

जेवणं झाल्यावर आई अप्पांना अंगणात घेऊन गेली. मी वाळत घातलेल्या कपड्यांपाशी होते, म्हणून ऐकू आलं.

"गाडी सांगा. उद्या सकाळी निघू."

"नीला, ती ठीक आहे."

"आज ठीक आहे. मी आत होते. मला दिसतही नव्हतं." आईनं पदर खोचला. "समुद्रात तर पंप काढून ठेवायचा असतो. नको. मला नाही जमणार."

अनू पायरीवर येऊन उभी राहिली होती, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच कळलं नव्हतं.

"आई, पण मी सांगितलं."

आई वळली.

"तू म्हणाली होतीस, मोठ्यानं सांगायचं आणि कोण बसलंय ते बघायचं नाही. मी सांगितलं. सगळ्यांसमोर. देवाच्या आधी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती मुद्दा सोडत नव्हती. या मुलीत अप्पांची वकिली उतरली आहे, आणि घरातली भीड तिनं त्या दुपारी पानावरच सोडून दिली होती. "अट माझी नव्हती. तुझी होती."

मग मागून आत्या आली. ओल्या केसांचा अंबाडा, हात कमरेवर.

"नीला, एक सांग मला. हे बटण दाबल्यावर किती वेळानं खायचं?"

"पंधरा मिनिटांनी, वन्सं. साधारण."

"आणि आज हिनं कधी दाबलं?"

"पानं वाढायला घेतली तेव्हा."

"मग मला का नाही सांगितलं? मी ह्यांची पूजा आवरायला लावली असती की!"

आई खाली बघून म्हणाली, "तुमच्या नैवेद्यात मी मध्ये कसं बोलणार?"

आत्यानं आईकडे बघितलं. मग अनूकडे. "म्हणजे एवढीशी पोर बोलली, आणि तू गणिताची बाई, तू भिडेत." हे तिनं रागानं म्हटलं नाही. आईच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. त्यांच्या नात्यात मी असा हात आधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून ठणठणाट ऐकू आला. आत्या मोठ्या पातेल्याचं पितळी झाकण पळीनं बडवत होती.

"अनू! दाब तुझं बटण! आणि बाकीच्यांनी ऐका. हे वाजलं की पंधरा मिनिटांत जेवण. जो पानावर नसेल तो उपाशी!"

मामांनी बाहेरून विचारलं, "आणि पूजा?"

"हे वाजायच्या आधी. आणि छोटी. देवालाही कंटाळा येतो."

आमच्या कुटुंबाच्या इतिहासात त्या रात्री प्रथमच सगळे वेळेवर जेवले. मामा पानावर पहिले होते.

(पुढे आत्यानं अनूला खणाची एक पिशवी शिवून दिली. कमरेला बांधायची, आत गोळ्या आणि बिस्किटं. कापडाची असल्यामुळे ती देवघरातही जाते. पोरांना घेऊन देवदर्शनाला निघालेल्यांनी एवढं जरूर करावं. बाकी डोसाचं वगैरे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आमचे आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत.)

गाडी सांगितली की नाही, हे रात्री कोणी विचारलं नाही. सकाळी मी उठले तेव्हा आई माझ्या बॅगेत काहीतरी शोधत होती.

"अनूचा जाड टॉवेल कुठं ठेवलास गं?" ती म्हणाली.

समुद्र

ऊन तापायच्या आत गेलो. आईनं आकडा पाहिला, अनूला दोन बिस्किटं खायला लावली, पुन्हा पाहिला. पंप काढला, पोटावरच्या पट्टीला झाकण लावलं. तासाभराच्या आत परत जोडायचा, असं आम्हाला सांगितलेलं होतं. आईनं त्यातलाही बराच वेळ कापून टाकला. पंप इन्सुलिनच्या त्या गार, ओल्या पिशवीत गेला आणि पिशवी छत्रीच्या सावलीत बसलेल्या आत्याच्या मांडीवर.

आत्यानं पळी आणि झाकण बरोबर आणलं होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"लाटांत हाक ऐकू येते का कोणाला?"

अप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अनूचा हात धरला. पहिली लाट पायावर आली तेव्हा ती थांबली, खाली बघितलं, आणि मग एवढ्या मोठ्यानं हसली की अप्पाही हसले. आजार आल्यापासून अप्पा असे हसले नव्हते. ती पाण्यात बसली. आडवी झाली. नाकातोंडात खारं पाणी गेल्यावर थुंकली आणि परत आडवी झाली. दंडावरची सेन्सरची पांढरी टिकली मधूनच चमकायची. तेवढ्यावरून ती कुठे आहे ते मला कळत होतं.

आई बसली नव्हती. वाळू ओली होते तिथे उभी होती, चपला हातात घेऊन.

थोड्या वेळानं आत्याच्या मांडीवरची पिशवी वाजायला लागली. आत्या दचकली. "नीला, तुझी पेटी ओरडतेय गं! काय म्हणतेय?"

आई धावत आली. पंप काढून बघितला. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. सेन्सर सापडत नाही, एवढंच होतं. अनू लांब गेली होती. माझ्या आईला मी ओळखते. या आवाजावर ती भाजी जळत टाकून धावलेली आहे, शाळेतून वर्ग सोडून आलेली आहे. आता ती हाक मारणार, म्हणून मी उठून उभी राहिले.

"काय म्हणतेय?" आत्यानं पुन्हा विचारलं.

"तिला अनू दिसत नाही म्हणते." आईनं मान वर केली. समोर अप्पा कमरेएवढ्या पाण्यात होते आणि त्यांच्या पाठीवर अनू. दोघंही लाटेकडे तोंड करून तिची वाट बघत होते. "मला दिसतेय."

तिनं बटण दाबून आवाज बंद केला, पंप ओल्या पिशवीत परत ठेवला आणि आत्याशेजारी वाळूत बसली. मग पाय लांब केले.

वेळ झाल्यावर आईनं घड्याळ बघून नुसती मान हलवली. आत्यानं झाकण उचललं आणि ठणाठणा बडवायला सुरुवात केली. किनाऱ्यावर दोन-तीन कुटुंबं होती, नारळवाला होता, जाळी आवरणारी माणसं होती. सगळे वळून बघायला लागले. पण लाटा फुटत होत्या आणि अनूची पाठ आमच्याकडे होती. तिला ऐकू गेलं नाही.

"हात भरून आला बाई," आत्या म्हणाली आणि तिनं पळी माझ्यापुढे धरली. "तू वाजव. तुझे हात तरणे आहेत."

नारळवाला बघत होता. जाळीवाले थांबून बघत होते. एका बाईनं तर आपल्या मुलांना बोटानं आम्हाला दाखवलं. माझा चेहरा तापलेला मला कळत होता. लांब, पाण्यात, एक पांढरी टिकली वर आली आणि पुन्हा लाटेआड गेली.

मी पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेले, झाकण डोक्याच्या वर धरलं, आणि अनू वळून हात करेपर्यंत वाजवत राहिले.